आखाजीच्या दिवशी पुण्यात

"म्हंजे आंबा पाहाले पुण्याले जाच्याचं?" अंकिताने लाटणं पोळपाटावर आडवं ठेवलं. "खाच्याचा नाई, फक्त पाहाचा. वर्ध्याहून आले, पेट्यांसमोर उभे राह्यले अन् हात जोडून निघून गेले. हसतीन ना लोक!"

"तुले हर गोष्टीत खोट काढाले पाह्यजे." कूलरच्या टाकीत पाइप सोडून मुकेश नुकताच आत आला होता. "महोत्सवात का निरे आंबेच रायतात? बाकीचे स्टॉलबी रायतात. पापड, सरबतं..."

"पापड! डबे भरून ठेवले मी घरी पापडाचे."

"मंग रक्षाले सांग, आंबा महोत्सव नको म्हणा."

"रक्षाताईंची काय चूक? चूक परतीच्या तिकिटाची आहे. आखाजीच्या आदल्या दिवशी घरी वापस. आखाजीच्या आधी आपल्यात कोनी आंबा तोंडाले लावत नाई, हे तिकीट काढताना ध्यानात नाई आलं?"

मुकेशच्या ध्यानात ते खरोखरच आलं नव्हतं. त्याने डोक्यात एकच हिशेब ठेवला होता: आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, आई घरी पाहिजे. तो पाळण्याच्या नादात त्याने पुण्याचे आठ दिवस अशा बेताने बसवले, की शहरभर आंबे आणि या चौघांच्या तोंडाला कुलूप.

"बाबा," काजल फोनवरून डोकं वर न काढता म्हणाली, "उपाशी पोटी आंबा महोत्सव पाहणारे आपण जगात पहिलेच असू."

मुकेशची आई भागीरथाबाई दाराशी बसून सुपातल्या वाळलेल्या मुंगवड्या निवडत होत्या. पुण्याचं ठरलं तेव्हापासून त्यांना कोणी काही विचारलं नव्हतं आणि त्यांनीही काही सांगितलं नव्हतं. त्यांना काय पाहिजे ते मात्र घरातल्या प्रत्येकाला माहीत होतं, कारण चार दिवसांपूर्वी एकदा त्यांच्या तोंडून ते निघून गेलं होतं.

ते असं झालं. मुकेशची धाकटी बहीण रक्षा लग्न होऊन पुण्याला गेली, त्याला आता बरीच वर्षं झाली. दर उन्हाळ्यात तिचं एकच टुमणं असे, की तिकडे वर्ध्याजवळ बोरगाव मेघेला भाजून निघण्यापेक्षा या सगळे इकडे. मुकेश पतसंस्थेत कारकून. त्याला कधी रजा नसायची, कधी काजलची परीक्षा असायची, कधी गावाकडचं लग्न निघायचं. या वर्षी सगळं जुळून आलं. मग रक्षाने शहरात त्या दिवसांत काय काय आहे त्याच्या जाहिराती फोनवर पाठवायला सुरुवात केली. रोज संध्याकाळी अंगणात पाणी मारून झालं, की काजल त्या मोठ्याने वाचायची आणि घरात निवडणूक लागायची.

अंकिताने हातमागाच्या साड्यांचं प्रदर्शन निवडलं. "घ्याच्या नाई, पाहाच्या," असं तिने स्वतःच आधी जाहीर करून टाकलं, म्हणजे नवऱ्याला बोलायला जागा राहिली नाही. काजलने टेकडीवरची पहाटेची मैफल निवडली, तिला गाण्यापेक्षा तिथे फोटो चांगले येणार होते. मुकेशने व्याख्यानमाला निवडली, कारण ती फुकट होती. तेव्हा अंकिता म्हणाली, "तुमाले झोपच काढाची आहे त इथंच काढा ना." जुन्या पेठांमधून पायी फेरी होती, ती दुपारी तीनला सुरू होणार होती.

"तीनले?" भागीरथाबाई म्हणाल्या. "अन् कोनी मरत गिरत नाई?"

"आजी, तिथं अडतीस डिग्री असते."

"अडतीस! मंग स्वेटर घ्या लागन."

सगळे हसले. आणि त्याच हसण्यात काजलने पुढची जाहिरात वाचली. आंबा महोत्सव, त्यातच पन्नाशीपुढच्या महिलांसाठी आंबे चोखून खाण्याची स्पर्धा. अक्षय तृतीया, दुपारी चार वाजता.

"कोनते आंबे?" भागीरथाबाईंनी विचारलं.

काजलने जाहिरात खालपर्यंत वाचली. "रायवळ म्हणे."

"म्हंजे गावरान." त्यांनी हातातली वाटी खाली ठेवली. "गावरान असन त मी जाईन."

तेव्हाही सगळे हसले होते. म्हातारीने गंमत केली असं समजून. फक्त काजलने आजीच्या तोंडाकडे पाहिलं आणि गेल्या वर्षीच्या स्पर्धेचा रक्षाने पाठवलेला व्हिडिओ तिला दाखवला. मांडवात एक लांब टेबल, त्यामागे साठी-सत्तरीच्या बायका, कोपरापर्यंत रस ओघळतोय, कोणाची टिकली नाकावर आलेली, कोणाच्या कपाळाला टिकली नाहीच, आणि सगळ्या एकमेकींच्या ताटात डोकावून हसताहेत. भागीरथाबाईंनी तो व्हिडिओ पुन्हा लावायला सांगितला.

"हे बाई आंबा पिळून राह्यली," त्या म्हणाल्या. "चोखता येत नाई तिले."

भागीरथाबाईंचं माहेर हिंगणी. बापाच्या वावराच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, आंब्याची झाडं होती आणि प्रत्येकाला नाव होतं. शेंदऱ्या, गोटी, खोबऱ्या, आणि सगळ्यात कडेला शेप्या, ज्याच्या आंब्याला शेपूचा वास यायचा म्हणून तो कोणी खात नसे, तो भागीरथाच्या एकटीच्या वाट्याचा. आंबा दोन्ही हातांच्या बोटांत धरून गोल गोल मऊ करायचा, आतली कोय सुटून फिरायला लागली की देठाकडचं टोक दातांनी काढायचं, पहिला चीक भुईला सोडायचा आणि मग तोंडाला लावायचा तो कोय कोरडी होईपर्यंत. बादलीभर आंबे पाण्यात टाकून भावंडं भोवती बसायची. थोरला भाऊ नेहमी हरायचा आणि हरला की भागीरथाच्या कोया चोरून आपल्या ढिगात ठेवायचा.

लग्न झालं तशी आंब्याची वाटी झाली. सासरी रस निघायचा, तो आधी पुरुषांना, मग पोरांना. बायकांच्या वेळेपर्यंत त्यात दूध आणि पाणी वाढलेलं असायचं. नवरा चंद्रभान स्वभावाने वाईट नव्हता. पण आंबा चोखून खाणं म्हणजे पोराटोरांचं काम, हे त्याचं ठाम मत होतं. पुढे चंद्रभान गेला आणि भागीरथाबाईंच्या आंब्याची तऱ्हा आणखी बदलली. त्या पितर झाल्या.

आखाजीला या बाजूला मेलेल्यांना जेवू घालतात. पाण्याने भरलेली घागर मांडायची, पळसाच्या पत्रावळीवर वडे, कुरडई, चिंचोणी, आमरस वाढायचा, आणि घरातल्या गेलेल्या माणसाच्या जागी एक जिवंत माणूस बोलावून बसवायचं. बाप गेला असेल तर बापई, आई गेली असेल तर बाई. आई सवाष्ण गेली असेल तर सवाष्ण, आणि विधवा होऊन गेली असेल तर विधवा. त्या दिवशी नवीन आंबा पहिल्यांदा पितराच्या पानात पडतो, मग घरच्यांचं तोंड उघडतं.

वर्षभर हळदीकुंकवाचं बोलावणं गल्लीतून येतं ते अंकिताला. भागीरथाबाईंना ते येत नाही, आणि त्यांनी त्याचं कधी काही मानलंही नाही. पण आखाजी आठ-पंधरा दिवसांवर आली, की तीन घरून निरोप ठरलेला. शेजारच्या शोभाबाईंची सासू, मागच्या आळीतल्या बापूरावांची आई आणि कोपऱ्यावरच्या मास्तरांची आत्या, तिघींच्या जागी भागीरथाबाई. बरं, ज्याच्या नावाने जेवायचं त्याच्या आवडीचं रांधतात. शोभाबाईंच्या सासूला कारलं आवडायचं, म्हणून आधी कारलं. बापूरावांच्या आईला ब्लडप्रेशर होतं, म्हणून तिच्या नावाचं जेवण अजूनही अळणी. मास्तरांची आत्या रसात सुंठ आणि तूप घालून घ्यायची, तो रस घशाखाली उतरता उतरत नाही. पितराने बोलायचं नाही, मागायचं नाही, पानात टाकायचं नाही. शेवटी घरची बाई हात जोडून विचारते, "तृप्त झाल्या का?" आणि पितराने म्हणायचं, "झालो."

भागीरथाबाई दर वर्षी तीन घरी "झालो" म्हणून येत आणि घरी येऊन ओवा खात.

"तिकीट बदलत नाई का?" काजलने आता विचारलं.

"बदलते. पैसे कापून बदलते," मुकेश म्हणाला. "पण सवाल तिकिटाचा नाई. आईले तीन घरं आहे. लोकांना ऐन वक्ती कोन भेटन? अन् बाबाचं पान? ते कोन करन?"

चंद्रभानच्या जागी दर वर्षी बापूराव बसत. म्हणजे भागीरथाबाई बापूरावांच्या घरी त्यांची आई होऊन जेवायच्या आणि नंतर बापूराव इथे येऊन भागीरथाबाईंचा नवरा होऊन जेवायचे. काजलला लहानपणी हे फार गमतीचं वाटे. आता बापूरावांची साखर वाढली होती. रसाची वाटी पाहून ते आधी एक गोळी घेत आणि मग डोळे मिटून चंद्रभान होत.

"अन् खरं सांगू का आई," मुकेशने आवाज खाली आणला, "ते स्पर्धा गिर्धा आपल्याले शोभत नाई. लोक व्हिडिओ काढतात. आमच्या ऑफिसच्या ग्रुपवर फिरला त?"

"फिरला त फिरला," अंकिता म्हणाली. "तुम्ही साळ्याच्या लग्नात नागीण डान्स केला, तो फिरला नाई का?"

"तू गप बस."

"मी गपच होती. तुम्हीच ऑफिसचा ग्रुप काढला."

इतक्यात फाटक वाजलं आणि शोभाबाई पदराने वारा घेत आत आल्या. शेजारच्याच. गल्लीतल्या सगळ्या कामांत पुढे आणि सगळ्या बातम्या त्यांच्याकडे आधी. कूलरसमोरची खुर्ची त्यांनी स्वतःच ओढून घेतली.

"काय व अंकिता, पोळ्या चालल्या का? मी बसाले नाई आली. भागीरथाबाईले आठवण द्याले आली. आखाजीचं पक्कं ना बाई? सकाळचे दहाच्या आत येजा, मंग ऊन तापते. औंदा कारलं भरलेलं करतो."

अंकिताने मुकेशकडे पाहिलं, मुकेशने आईकडे. शोभाबाईंनी एकेकाचं तोंड पाहिलं.

"काऊन? काय झालं?"

"काई नाई," मुकेश घाईने म्हणाला. "पुण्याहून आदल्या दिवशी येऊन राह्यलो ना आम्ही. पक्कंच आहे."

"आजीला आखाजीला पुण्यात स्पर्धा आहे," काजल म्हणाली. "आंबे चोखायची."

"काजल!"

शोभाबाई आधी हसल्या. मग कोणीच हसत नाही हे पाहून थांबल्या. "व माय! ह्या वयात? आखाजीच्या दिवशी? बाई, तुम्ही नाई म्हणान त आमच्या सासूबाईच्या जागी कोन बसन? तुम्ही बसल्या का सासूबाईच बसल्यावानी वाटते. कोनालेबी विचारा, तुमच्यासारखं गुमान कोनी जेवत नाई. त्या शकुंतलाबाई आहे दोन गल्ल्या सोडून, त्या त जेवता जेवता बोलतात. मागच्या साली त्यांनी एका घरी पितर बसून चटणी मागितली!"

"मंग देल्ली का?" भागीरथाबाईंनी विचारलं.

"काय?"

"चटणी. देल्ली का त्याईले?"

"देल्ली, न देऊन का करतीन? पण पितर का चटणी मागते?" शोभाबाईंनी मांडीवर हात मारला. "अन् हे आंबे चोखाचं का काढलं तुम्ही? आमच्या सासूबाई असत्या त म्हणाल्या असत्या, भागीरथे, तुले लाज कशी नाई."

"तुई सासू असती त माह्या आधी गाडीत बसली असती."

भागीरथाबाईंचा आवाज चढलेला नव्हता. सुपातला एक खडा त्यांनी बाजूला टाकला.

"साखर वाढली म्हणून तुम्ही आंब्याच्या खोलीले कुलूप लावलं होतं. ते मागच्या दाराने माह्याकडं ये. मोरीजवळ बसून आंबा खाय, तोंड धुय, अन् मंग घरी जाय. शेवटल्या उन्हाळ्यातबी आलती. कारलं तिले आवडत नोतं शोभा. डॉक्टरनं सांगतलं म्हणून खात होती."

शोभाबाईंचा वारा घ्यायचा हात थांबला. अंकिताने तव्यावरची पोळी उलटायची राहून गेली आणि धूर झाला.

"तुम्ही कधी सांगतलं नाई," शोभाबाई म्हणाल्या.

"तिनं नको म्हटलं होतं. अन् मंग तुम्ही पत्रावळीवर कारलं वाढलं, मी पितर. पितर का बोलते?"

"आम्ही तिच्या भल्यासाठीच..." शोभाबाईंचे डोळे भरून आले. त्या उठल्या. फाटकापाशी जाऊन पुन्हा वळल्या आणि थोड्या रागानेच म्हणाल्या, "दहाच्या आत येत असान त सांगजा. नाई त मले दुसरी पाहा लागन." आणि गेल्या.

"पाह्यलं?" मुकेश म्हणाला. "शेजारी आहे ते आपले. रातबेरात तेच कामी येतात. बाबाच्या वक्ती गाडी कोनं काढली होती? त्याईच्याच पोरानं. बोलून बसली ना तू."

हे खरं होतं आणि भागीरथाबाईंना ते माहीत होतं. चंद्रभानच्या छातीत कळ आली तेव्हा शोभाबाईंचाच मुलगा गाडी घेऊन दारात उभा राहिला होता. दवाखान्याच्या दारात शोभाबाईंनीच त्यांचा हात धरून ठेवला होता. त्यांनी सूप उचललं आणि त्या मागच्या अंगणात गेल्या.

दुपार झाली. मुकेश जेवून आडवा झाला. अंकिता आणि काजल कूलरच्या खोलीत साड्यांच्या जाहिराती पाहत पडल्या. भागीरथाबाईंनी मुंगवड्या डब्यात भरल्या, डब्याला फडकं बांधलं. एरवी याच वेळेला त्यांचा डोळा लागे, तो लागला नाही. कारल्याचं बोलायला नको होतं असं त्यांना एकदा वाटलं. मग वाटलं, दर वर्षी त्या बाईच्या नावाने कारलं गिळायला तरी कुठे पाहिजे होतं? जिवंतपणी तिला चोरून आंबा दिला आणि मेल्यावर तिच्या पानावर बसून तिच्याशी खोटं वागलो. "तृप्त झाल्या का?" "झालो." कोण झालं? ती नाही आणि मीही नाही.

चंद्रभानचा विचारही त्यांनी केला. तो काही अडचणीचा नव्हता. घागर पुण्यातही भरता येते, कुंभार तिथेही असतात. मुलगा सोबत होता, लेक तिथेच होती. पान मांडायला घर लागतं, बोरगाव मेघेच लागतं असं नाही. राहिला प्रश्न बसणाऱ्याचा. आणि बापूरावांची तर एका वर्षापुरती त्या रसाच्या वाटीतून सुटकाच झाली असती.

ऊन उतरल्यावर त्या डोक्यावरून पदर घेऊन बाहेर पडल्या. "कुठं चालल्या?" अंकिताने विचारलं. "येतो," म्हणून त्या गेल्या.

परत आल्या तेव्हा अंगणात पाणी मारून झालं होतं, चहा झाला होता आणि भांडण पुन्हा उभं राहिलं होतं. अंकिता म्हणत होती की आंबा महोत्सव रद्द करून त्या दिवशी साड्यांचं प्रदर्शन सावकाश पाहू. मुकेश म्हणत होता की साड्यांना एक तास पुष्कळ. काजल म्हणत होती की मग आजीने नेमकं काय पाहायचं, कोणाच्या तरी मागे मागे फिरायचं का?

"आई, कुठं गेलती?" मुकेशने विचारलं.

"शकुंतलाबाईकडं. मंग बापूरावकडं. मास्तरकडं. मंग शोभाकडं."

"शोभाबाईकडं? काय म्हणाल्या?"

"रडली थोडीशी. मंग चहा केला." भागीरथाबाई ओट्यावर बसल्या. "म्हणे औंदा पानात कारलं नाई वाढत. चोखाचे आंबे ठेवतो म्हणे. अन् तुम्हीच या म्हणे."

"मंग झालंच की!" मुकेशचा चेहरा खुलला. "पाह्य, किती मनावर घेतलं त्याईनं. आता त बसाच लागन तुले. चोखाचे आंबे तिथंच भेटून राह्यले, पुण्याले काऊन पाह्यजे?"

अंकिताने सासूकडे पाहिलं. काजलनेही पाहिलं. भागीरथाबाईंनी चहाचा कप हातात घेतला आणि त्यावरची साय बोटाने बाजूला केली.

"ते आंबे तिच्या सासूचे आहे," त्या म्हणाल्या. "तिलेच भेटले पाह्यजे. शकुंतलाबाई बसतीन तिथं. त्याईले आंबा चोखता येते, मी विचारलं. बोलल्या त बोलू देजो म्हणून शोभाले सांगून आली."

"अन् बाकीची दोन घरं?"

"तिथंबी त्याच. त्या खुश आहे. बापूरावबी खुश आहे, त्याईले औंदा गोळी नाई घ्या लागत."

"आई, पण..."

"मुकेश, परतीचं तिकीट बदलव. आखाजी करून दुसऱ्या दिवशी निघू. सकाळी रक्षाच्या घरी तुझ्या बाबाची घागर भरू, पानावर जावई बसतीन. आंबा दाखवून झाला का सगळ्यांचं तोंड मोकळं, अन् मंग चार वाजता मी त्या टेबलावर बसून राह्यली. काजल, आत्याले आत्ताच फोन लाव अन् माहं नाव दे."